टेनेसीचे गाणे, जपानी गळा

1952 च्या जानेवारीत जपानमध्ये ‘टेनेसी वॉल्ट्झ’ची एक तबकडी निघाली. गायिका चिएमी एरी, वय जेमतेम पंधरा. हे गाणे 1950 मध्ये पॅटी पेजने अमेरिकेत घरोघरी पोहोचवले होते. एरीने ते काही इंग्रजीत, काही जपानीत गायले. तिचा गळा तयार झाला तो अमेरिकी लष्करी तळांवर. 1945 नंतर दोस्त सैन्याच्या ताब्यात असलेल्या जपानात सैनिकांच्या क्लबांना गाणारे हवे होते आणि युद्धाने खचलेल्या घरांना पैसा हवा होता. सैनिकांच्या रेडिओवर कंट्री गाणी वाजत, ती तारेपलीकडच्या वस्त्यांतही ऐकू येत. तिथून सुरू झालेल्या सुमारे सत्तर वर्षांच्या वाटचालीकडे पाहताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही, त्याचे कंट्री गाणे निव्वळ उच्चारापायी खोटे ठरत नाही. या संगीतातला अस्सलपणा जन्माबरोबर मिळत नाही. एकेका शब्दावर घासून तो कमवावा लागतो.

ही घासणी किती बारीक असते, ते ‘वॉल्ट्झ’ या एका शब्दात दिसते. जपानीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वराची सोबत लागते, त्यामुळे इंग्रजीत एका झटक्यात संपणारा हा शब्द तिथे ‘वारुत्सु’ असा तीन मात्रांचा होतो. ‘ल’ आणि ‘र’ यांतला फरक जपानी कानाला मुळातच अवघड. त्यातून जपानीत सगळ्या मात्रा साधारण सारख्या मापाच्या. इंग्रजीत मात्र आघाताचे अक्षर लांबते आणि शेजारची अक्षरे अर्धवट गिळली जातात. कंट्रीची सगळी चव या ओढाताणीतच आहे. स्वर एका जागी उभा राहत नाही, घसरत खाली येतो, आणि ओळीच्या शेवटी ‘र’ आला की जीभ मागे वळवून तो रेंगाळत ठेवला जातो. म्हणून शब्द नुसते पाठ करून इथे भागत नाही. कुठले अक्षर सोडून द्यायचे आणि कुठल्यावर थांबायचे, हे कानाने शिकावे लागते. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ची संथ, तीन ठोक्यांची चाल नवख्या जिभेला तेवढी उसंत देते. मराठी श्रोत्याला हे परके वाटू नये. गदगकडून आलेल्या, कन्नड मातृभाषेच्या भीमसेन जोशींच्या तोंडून आपण तुकाराम ऐकला आणि त्यांच्या ‘संतवाणी’ला आपले मानले.

यावर पहिला आक्षेप असा की, कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतांचे, रेल्वेचे, चर्चचे गाणे आहे. ते जगणे नसेल तर उरते ती नक्कल. पण या संगीताचा स्वतःचा संसारच उसनवारीवर उभा आहे. बॅंजोचे मूळ गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडे, स्टील गिटार हवाईची, आवाज उलटवत गायचे योडल आल्प्सच्या डोंगरांतले. 1927 मध्ये ब्रिस्टल गावी आपले पहिले ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंट्री गायक जिमी रॉजर्सचे योडल खोटे आहे, असे कुणी म्हणत नाही. आणि अडचण भाषेचीच असती, तर 1974 चा वाद झालाच नसता. त्या वर्षी ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा सन्मान मिळाला. इंग्लंडमध्ये जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली ही गायिका. इंग्रजी तिची मातृभाषाच. तरीही कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमधले अनेक कलावंत इतके दुखावले की त्यांनी वेगळी संघटना काढली. भांडण आपलेपणाच्या हक्काचे होते. उच्चार हा त्यातला सर्वांत सोयीचा मुद्दा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गाणे जेत्यांबरोबर आले, पोटासाठी गायले गेले, मग त्यात मन कुठले? सुरुवात तशी झाली हे मान्यच करावे लागते. पण एप्रिल 1952 मध्ये परकी सत्ता संपली, आणि गाणे थांबले नाही. 1964 मध्ये जपानी गायिका तोमी फुजियामा नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या नामांकित कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहून गायली आणि श्रोत्यांनी उठून दाद दिली. तिथे पुन्हा गाण्याची तिची आस किती वर्षे जिवंत राहिली, हे 2015 च्या ‘मेड इन जपान’ या माहितीपटात दिसते. श्रोत्यांनी तिला एका रात्रीत स्वीकारले, गाण्याच्या धंद्याने मात्र जागा दिली नाही, ही खंत मला मोठी वाटते. जपानी गायक चार्ली नागातानीनेही लष्करी तळांवर गाऊन सुरुवात केली, पण 1976 मध्ये कुमामोतो शहरात ‘गुड टाइम चार्ली’ हा स्वतःचा क्लब उघडला, आणि 1989 पासून आसो ज्वालामुखीच्या परिसरात ‘कंट्री गोल्ड’ हा महोत्सव भरवला. अमेरिकी गायक तिथे पाहुणे म्हणून येत. 2019 पर्यंत तो चालला. तिथे बसून ऐकणाऱ्यांना कुठल्याही फौजेने आणलेले नव्हते.

एरी 1982 मध्ये गेली. तिचा एकेकाळचा पती, अभिनेता केन ताकाकुरा, याने 1999 च्या ‘पोप्पोया’ या चित्रपटात होक्काइदोच्या बर्फातल्या एका आडगावचा म्हातारा स्टेशनमास्तर उभा केला. त्या स्टेशनमास्तराच्या गोष्टीत ‘टेनेसी वॉल्ट्झ’ची धून येते.