गहाण घर आणि न्यायालयाची मुदत

घर गहाण ठेवले तरी हप्ते वेळेवर भरले जात आहेत तोवर त्याचा ताबा आपल्याकडेच राहावयाचा, अशी ऋणकोची साधी समजूत असते. इंग्लंडच्या कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. करारात तो हक्क सोडलेला नसेल, तर गहाणखताची शाई वाळण्यापूर्वीही धनकोस घराचा ताबा घेता येतो, असे न्यायमूर्ती हार्मन यांनी १९५७ मध्ये स्पष्ट सांगितले. व्यवहारात हप्ते थकल्यावाचून धनको हा हक्क सहसा बजावीत नाही. परंतु आजारपणामुळे वा बेकारीमुळे ते थकले, तर न्यायाधीशाने काय करावे?

१९३६ नंतर लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात अशा दाव्यांची सुनावणी तहकूब करून ऋणकोस थकबाकी फेडण्यास अवसर देण्याची वहिवाट पडली होती. १९६२ मध्ये न्यायमूर्ती रसेल यांच्या निर्णयाने ती थांबली. धनकोची संमती नसेल, तर सर्व कर्ज एकदम फेडण्याचा संभव असल्यासच, आणि तीही थोड्या दिवसांचीच, तहकुबी देता येईल, असे त्यांनी ठरविले. ज्याला हप्ता देववत नाही, त्याने सारे कर्ज कोठून फेडावे?

१९६९ च्या पेन समितीच्या अहवालानंतर १९७० च्या कायद्यातील छत्तिसाव्या कलमाने ही अडचण दूर करण्याचा यत्न केला. राहत्या घराचा दावा तहकूब करणे, हुकुमाची अंमलबजावणी स्थगित करणे किंवा ताबा देण्याची तारीख पुढे ढकलणे, हे अधिकार न्यायालयास मिळाले. अट एकच : वाजवी मुदतीत देणे फिटण्याचा संभव दिसला पाहिजे. तथापि एक हप्ता चुकताच सारे कर्ज देय होते, असे कलम पुष्कळ गहाणखतांत असे. तेव्हा ‘देणे’ म्हणजे थकलेले हप्ते एवढेच धरावे, अशी दुरुस्ती १९७३ मध्ये करण्यात आली. मात्र थकबाकीबरोबर चालू हप्तेही भरले गेले पाहिजेत.

वाजवी मुदत म्हणजे किती? पूर्वी न्यायालये दोन-चार वर्षांपलीकडे सहसा जात नसत. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, कर्जाची उरलेली सर्व मुदत विचारात घेऊन आरंभ करावा. समजा, २,४०० पौंड थकले आहेत आणि कर्जाची दहा वर्षे उरली आहेत. दोन वर्षांत थकबाकी फेडावयाची तर नेहमीच्या हप्त्यावर दरमहा शंभर पौंड अधिक पडतील. दहा वर्षांत फेडावयाची तर केवळ वीस. शंभर आणि वीस यांतील अंतर म्हणजे कित्येकदा रस्ता आणि घर यांतील अंतर होय.

या अधिकाराला मर्यादाही आहे. धनको ताब्यासाठी न्यायालयात आला तरच तो वापरता येतो. दावा न लावता घर विकले गेले, तर नव्या मालकाविरुद्ध या कलमाचा आधार मिळत नाही, असे २००८ च्या एका निर्णयाने दाखविले.

या कायद्याने कर्जातील एक पेनीही माफ होत नाही. ऋणकोने उपस्थित राहून आपल्या प्राप्तीचा व खर्चाचा खरा हिशेब मांडावा लागतो; केवळ कणव उत्पन्न करून भागत नाही. त्या हिशेबात फेडीचा मार्ग दिसला, तर न्यायाधीश वेळ देतो; आणि धनकोचेही पैसे, थोडे उशिरा का होईना, त्याच्या पदरी पडतात.