‘फोटोशॉप येत नाही’ म्हणून अडलेल्यांसाठी

सातारा-सांगलीकडे फोटोचं काम आता कुणालाही पडतं. भरतीचा अर्ज भरणाऱ्या मुलाला फोटोचे केबी कमी करायचे असतात. बेदाणा किंवा हळद पाकिटात भरून विकणाऱ्या बचत गटाला लेबल हवं असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका असते, यात्रेचा फ्लेक्स असतो, वर्षश्राद्धाला लावायचा आजोबांचा मोठा फोटो असतो. या प्रत्येक कामासाठी माणसं डीटीपीच्या दुकानात जाऊन बसतात, कारण एकच: ‘आपल्याला फोटोशॉप येत नाही.’ ज्याला माउस धरता येतो त्याला यातली बरीचशी कामं थोड्या सरावाने घरी जमतात, असं माझं ठाम मत आहे. वाट अडवतात त्या काही घट्ट बसलेल्या समजुती. त्या एकेक करून तपासू.

‘फोटोशॉप विकत घेतल्याशिवाय काही होत नाही’

फोटोशॉप हे एका सॉफ्टवेअरचं नाव आहे. थॉमस आणि जॉन नॉल या दोघा अमेरिकी भावांनी ते तयार केलं आणि १९९० साली ते बाजारात आलं. २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्यांसाठी एकदाच पैसे भरून कायमचं विकत घेण्याची पद्धत बंद केली. तेव्हापासून त्या भाड्यानेच मिळतात. ते भाडं भरायचं नाही म्हणून आपल्याकडे सर्रास ‘क्रॅक’ केलेली प्रत टाकून घेतात. ती चोरीची तर असतेच, शिवाय ती टाकण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. तिथेच थांबावं. ज्या संगणकावर आपण बँकेचं खातं उघडतो, त्याच संगणकाची कडी आपण आतून काढून देत असतो.

याची काही गरज नाही, कारण गिंप आहे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. ते मोफत आहे, त्याची प्रत मित्राला देणं कायदेशीर आहे आणि ते विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. तिसरी मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. संगणकावर काहीच टाकायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं. हातात फक्त मोबाइल असेल तर स्नॅपसीडपासून सुरुवात करावी.

फ्लेक्सच्या दुकानांत बहुतेक काम कोरलड्रॉवर चालतं. ते वेगळ्या जातीचं सॉफ्टवेअर आहे. त्यात ठिपक्यांऐवजी रेषांनी चित्र बनतं, म्हणून लोगो कितीही मोठा केला तरी त्याची कड तुटत नाही. त्या जातीचं मोफत सॉफ्टवेअर इंकस्केप. फोटो गिंपमध्ये आणि लोगो इंकस्केपमध्ये, एवढी वाटणी नवशिक्याने लक्षात ठेवली तरी पुढचा गोंधळ टळतो. शिवाय लेयर, सिलेक्शन, मास्क, कर्व्ह या कल्पना गिंप, फोटोशॉप, फोटोपी सगळीकडे त्याच आहेत. एका ठिकाणी कळल्या की दुसरीकडे फक्त बटणाची जागा शोधावी लागते.

‘क्लास लावावा लागतो, शिवाय चित्रकला यावी लागते’

क्लास लावायला हरकत नाही. चांगला शिक्षक भेटला तर वेळ वाचतो. पण तो लावल्याशिवाय येतच नाही, हे खरं नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात गिंप आणि इंकस्केपचे छोटे छोटे धडे फुकट मिळतात, मराठी आवाजातही मिळतात. फक्त ते टीव्हीसारखे बघू नयेत. शेजारी गिंप उघडून, स्वतःचा फोटो घेऊन, व्हिडिओ थांबवत थांबवत करून पाहावं.

चित्रकलेचं म्हणाल, तर फोटो दुरुस्त करायला हातापेक्षा डोळा लागतो: उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडलीय, चेहऱ्याच्या आसपास नको ते काय दिसतंय. हा डोळा तयार करायला आपल्या भागासारखी जागा नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी ते १९३८ मध्ये उभं केलं. तिथे राजा रविवर्मांची चित्रं समोर उभं राहून पाहता येतात. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्करही हाडाचे चित्रकार. जुने अंक कुठे मिळाले तर मुखपृष्ठांची मांडणी जरूर पाहावी. अक्षर किती मोठं, चित्राला किती जागा, मोकळं कुठे सोडलंय, हे तिथून शिकता येतं, आणि बेदाण्याच्या लेबलालाही तेच लागतं.

‘फोटो मोठा केला की क्लिअर करता येतो’

दुकानदाराला सगळ्यात जास्त त्रास या समजुतीचा होतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाठवतात, त्याचा मोठा फ्लेक्स सांगतात आणि ‘फोटो फाटला’ म्हणून भांडतात.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. हातात धरून पाहायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे हा फोटो तेरा इंच रुंद आणि दहा इंच उंच सुंदर छापता येतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की बहुतेकदा १६०० बाय १२०० च्या आसपास उतरतो. तेवढ्या पिक्सेलमध्ये फक्त सव्वापाच बाय चार इंचाची नीट प्रिंट निघते. बाकीचे पिक्सेल गेले ते गेले. गिंपमध्ये आकडा वाढवला तर सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मधली जागा भरतं. नवा तपशील त्यातून येत नाही. म्हणून मूळ फोटो मागवावा, आणि व्हॉट्सॲपवरच मागवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा.

फ्लेक्सचा हिशोब मात्र वेगळा आहे, कारण तो दुरून पाहतात. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल धरले तर ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल होतात. चौकात उंचावर लागणार असेल तर त्याहून कमी घनतेवरही भागतं.

‘केबी कमी करायला दुकानातच जावं लागतं’

बँकांच्या भरतीची आयबीपीएस परीक्षा घेऊ. तिथे फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा, तर सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची मागतात. जाहिरातीत काय लिहिलंय ते दर वेळी वाचावंच, पण रीत बदलत नाही. मुलं इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. पिक्सेल म्हणजे फोटोची लांबी-रुंदी, आणि केबी म्हणजे फाइल डिस्कवर किती जागा घेते ते.

गिंपमध्ये फोटो उघडा. क्रॉप टूल घ्या, त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर खूण करा आणि प्रमाण २००:२३० लिहा. आता चौकट कशीही ओढली तरी ती त्याच प्रमाणात राहते. डोक्यावर थोडी जागा सोडून चेहरा मधोमध घ्या आणि एंटर दाबा. मग ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी २०० करा, उंची आपोआप २३० च्या जवळ येते. शेवटी ‘एक्स्पोर्ट ॲज’ निवडून फाइलच्या नावाला जेपीजी लावा. क्वालिटीची पट्टी येते, तिच्याजवळ ‘शो प्रीव्ह्यू इन इमेज विंडो’ असा चौकोन असतो. त्यावर खूण केली की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं. पट्टी डावीउजवीकडे सरकवत ५० च्या आत आणा. केबी फारच कमी भरले तर पट्टी उजवीकडे न्या. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं जातील, नंतर एकही नाही. हीच रीत पासपोर्ट फोटोला: ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० च्या घनतेने ४१३ बाय ५३१ पिक्सेल.

‘सेव्ह केलं म्हणजे झालं’

लेबलवरची किंमत बदलायची असते आणि हाताशी फक्त जेपीईजी असते. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद: एकावर द्राक्षाचा घड, दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर किंमत. जेपीईजी करताना हे सगळे कागद एकमेकांना चिकटवले जातात. गिंपने २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून म्हणूनच दोन आज्ञा वेगळ्या केल्या. ‘सेव्ह’ केलं की एक्ससीएफ फाइल बनते आणि लेयर सुटे राहतात. ‘एक्स्पोर्ट’ केलं की दुसऱ्याला द्यायची प्रत निघते. नवशिक्यांना याचा राग येतो, पण ही सोय आपल्याच भल्याची आहे. दोन्ही फाइली ठेवाव्यात. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून तीच सेव्ह करत गेलं तर दर खेपेला थोडी थोडी खराब होते, हेही ध्यानात असावं. मागची बाजू पारदर्शक हवी असेल तर पीएनजी. जेपीईजीत पारदर्शकता नसते.

‘मराठी अक्षरं फुटतात’

एके काळी खरंच फुटायची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांटी भलत्या जागी जायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची. म्हणून श्रीलिपीसारखे जुने फाँट रुळले. त्यांच्यात अक्षरांचे संकेत स्वतंत्र असल्यामुळे दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर अगम्य दिसायचा. आता युनिकोडमध्ये टाइप करून ‘मुक्त’सारखा फुकट फाँट वापरला तर गिंपमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात.

तरी एका जागी घोटाळा होतोच, आणि तो सातारा जिल्ह्याच्या वाट्याला जरा जास्त आला आहे. ‘कऱ्हाड’ टाइप करताना साधा र, हलन्त, ह असं दाबलं तर संगणक ‘कर्हाड’ करतो, कारण साध्या र चा रफार होतो. अर्ध्या र ची ती छोटी आडवी रेघ हवी असेल तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ह. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘दुसऱ्या’, ‘सातारच्या वाऱ्यावर’ सगळीकडे हेच. फ्लेक्सवर गावाचं नाव चुकीचं लागलं तर सगळं गाव ते वर्षभर वाचतं, म्हणून एवढी काळजी घ्यावीच.

रंगांबद्दल थोडक्यात: स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने होते. कासच्या पठारावरच्या फुलांचा जांभळट निळा स्क्रीनवर जसा पेटतो तसा कागदावर येत नाही. त्यात प्रेसवाल्याची चूक नसते. हळदीचा पिवळा त्या मानाने चांगला उतरतो. मोठी छपाई असेल तर आधी एक नमुना काढून पाहावा.

‘आता एआय सगळं करतं, शिकायचं कशाला?’

मागची बाजू काढणं, आकाश बदलणं ही कामं यंत्र खरंच झटक्यात करतं, आणि ती त्याच्याकडून करून घ्यावीत. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ज्या घरांत पाणी शिरलं तिथले अल्बमही भिजले. त्या फोटोंवर ‘एका क्लिकवर दुरुस्ती’ चालवली की मला काळजी वाटते. जिथे चेहऱ्याचा भाग धुऊन गेलाय तिथे यंत्र स्वतः पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. डोळे तरतरीत येतात, कातडी तुकतुकीत येते, आणि त्या घरातली आजी मात्र कुणा दुसऱ्याचीच होऊन बसते. नातवंडांनी तिला पाहिलेलंच नसेल तर फरक कुणाला कळणारही नाही.

हे काम हाताने करावं, आणि नवशिक्यालाही ते जमतं. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढून काढू नयेत. जुन्या फोटोंच्या जाणकाराला आधी दाखवावेत. सुटा, कोरडा फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करावा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा, कारण पुराच्या गाळाचे डाग पिवळट-तपकिरी असतात. गिंपच्या ‘कलर्स’ मेनूत ‘कॉम्पोनंट्स’खाली ‘मोनो मिक्सर’ आहे. त्यात लाल पूर्ण ठेवून हिरवा आणि निळा शून्यावर आणला की तेच डाग बरेच फिके पडतात. निम्मं काम इथेच होतं. मग लेयरची नक्कल करून तिच्यावरच काम करावं. हील टूलचा ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा घ्यावा. शेजारच्या स्वच्छ जागी कंट्रोल दाबून क्लिक करावं, मग डागावर एकेक टिचकी मारत जावं. आधी भिंत आणि आकाश, मग कपडे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. डोळा, ओठ, कपाळावरचं कुंकू यांतलं जे गेलंय ते दुसरा फोटो पुरावा म्हणून हाती असल्याशिवाय नव्याने भरू नये. ती जागा पुसट राहू द्यावी. मूळ स्कॅनच्या फाइलला हात न लावता दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, आणि फोटोत कोण आहे, कुठल्या गावचं आहे, साधारण कुठल्या सालचं आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फाइलच्या नावातच लिहावं.