मालिका विकत घ्यावी की भाड्याने बघावी?



आपल्या घरी जनावरे किती, औजारे कोणती, कणगीत धान्य किती पोती, हे कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. पण मोबाईलवर आणि टीव्हीवर मालिका, सिनेमे बघण्यासाठी वर्षाला किती पैसे जातात आणि त्यातले घरात काय उरते, असे विचारले तर बहुतेक जण डोके खाजवतात. शेतीशाळेत बियाणे-फवारणीचे बोलणे संपले की हल्ली हा विषय निघतोच. "साहेब, टीव्हीचं रिचार्ज, मोबाईलचं रिचार्ज, आता वर ॲपचं रिचार्ज. यातलं आपलं काय?" हा प्रश्न मला अनेक गावांत ऐकायला मिळाला. म्हणून आज पीकपाण्याऐवजी याच हिशोबाबद्दल लिहितो आहे.

सरळ वाण आणि संकरित वाण

मालिका बघण्याच्या दोन रीती आहेत. एक जुनी. सीडी किंवा डीव्हीडी दुकानातून विकत आणायची, प्लेअरवर लावायची. दुसरी नवीन. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरून ॲपवर बघायचे, ज्याला शहरात ओटीटी म्हणतात.

यातला फरक शेतकऱ्याला समजवायला मोठे व्याख्यान नको. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. एकदा चांगले बियाणे घेतले, नीट राखले, उगवणशक्ती तपासली, की पुढची दोन-तीन वर्षे घरचे बियाणे चालते. संकरित कपाशीचे तसे नाही. दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. घरात राखून उपयोग नाही. आता बघा, डिस्क म्हणजे घरचे बियाणे आणि ॲपची वर्गणी म्हणजे दरवर्षीची पिशवी. संकरित बियाणे वाईट असते असे मी म्हणत नाही. कुठल्या रानात काय पेरायचे, हे मात्र ठरवून पेरावे लागते.

अठ्ठावीस रुपयांची सीडी

फार जुनी गोष्ट नाही. २००७ च्या सुमारास मोसर बेअर नावाच्या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. त्याआधी हाच माल शेकड्यांत विकला जाई. तालुक्याच्या स्टँडवर, यात्रेत, किराणा दुकानातसुद्धा सीड्या टांगलेल्या दिसू लागल्या. मराठी नाटके, भारूड, कीर्तने, तमाशे, सिनेमे घरोघरी गेले. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सीडीचे दुकान ओस पडले. मोसर बेअर कंपनीही २०१८ साली अवसायनात निघाली.

परदेशातही हेच झाले. आज ॲपच्या धंद्यात सर्वांत मोठे नाव असलेली नेटफ्लिक्स ही मूळची टपालाने डीव्हीडी भाड्याने देणारी अमेरिकी कंपनी. १९९८ पासून ती डिस्क टपालाने पाठवी. २००७ पासून तिने इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. २९ सप्टेंबर २०२३ रोजी तिने शेवटची डिस्क टपालात टाकली आणि हा धंदा बंद केला. त्या शेवटच्या डिस्क गिऱ्हाइकांनी परत करायच्या नव्हत्या. म्हणजे ज्याच्या हातात डिस्क पडली, त्याचीच ती झाली.

घरच्या पैशाचा हिशोब

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून महिन्याचा हप्ता त्याला जड जात नाही. आपला पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, तूर-हरभरा विकल्यावर. मधले महिने हात आखडता असतो. आणि ॲपची वर्गणी मात्र जून महिन्यात, ऐन पेरणीतही, खात्यातून गुपचूप जाते.

समजा, महिन्याला १५० रुपये धरले. वर्षाचे १,८०० झाले, पाच वर्षांचे ९,०००. दोन ॲपे असली तर १८,०००. त्यावर डेटा वेगळा. साध्या दर्जाचे चित्र तासाला पाऊण ते एक जीबी खाते, एचडी चित्र तीन जीबीपर्यंत जाते. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर घरातल्या एकाच्या दीड-दोन तासांत तो संपला. मग मुलाचा अभ्यास आणि बाजारभावाची चौकशी उद्यावर.

आता दुसरी बाजूही मांडतो. रामानंद सागरांची 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर लागली. तिचे ७८ भाग. साधारण ४५ तास धरा. इतका माल डिस्कच्या संचात बसतो आणि पुन्हा दहा वेळा बघितला तरी डेटाचा एक पैसा लागत नाही. पण रोज संध्याकाळी लागणारी मालिका घ्या. आठवड्याला सहा भाग, वर्षाला तीनशे. जाहिराती सोडून वीस मिनिटांचा भाग धरला तर शंभर तास. एका डीव्हीडीत चांगल्या चित्राचे दोन तास बसतात, म्हणजे एका वर्षाच्या मालिकेला पन्नास डिस्क. कोण काढणार आणि कोण घेणार? म्हणून रोजच्या मालिका डिस्कवर बहुधा आल्याच नाहीत. त्यांच्यासाठी टीव्ही किंवा ॲप हाच मार्ग.

पैसे भरूनही माल हलतो

ॲपवर आज आहे ते उद्या असेलच असे नाही. मालिका दाखवण्याचे हक्क ठराविक मुदतीचे असतात. मुदत सरली की माल दुसरीकडे जातो. क्रिकेटचेच उदाहरण घ्या. आयपीएलचे सामने २०२२ पर्यंत हॉटस्टारवर होते. २०२३ मध्ये ते जिओसिनेमावर गेले आणि फुकट दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲपे मिळून जिओहॉटस्टार झाले आणि पूर्ण सामन्यांना पैसे लागू लागले. तीन वर्षांत बांध दोनदा सरकला. प्राइम व्हिडिओवर पैसे भरणाऱ्यांनाही जून २०२५ पासून आपल्या देशात जाहिराती दिसू लागल्या.

"मी डाउनलोड करून ठेवलंय ना!" असे तरुण पोरे सांगतात. बरं का, ते डाउनलोड तुमचे नव्हे. ते त्याच ॲपमध्ये उघडते, त्याला मुदत असते आणि वर्गणी संपली की ते बंद पडते. 'विकत घ्या' असे बटण दाबून घेतलेला सिनेमासुद्धा पुष्कळदा फक्त बघण्याचा परवाना असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यासाठी कायदाच केला. हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरायचा नाही, असा नियम तिथे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिस्कचे तसे नसते. ती तुमची. शेजाऱ्याला बघायला द्या, लेकीला सासरी द्या, नको असेल तर विका.

डिस्कचेही रोग आहेत

डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे. कारखान्यात छापलेली डिस्क नीट ठेवली तर पुष्कळ वर्षे टिकते. संगणकावर 'राइट' करून दिलेली डिस्क त्यामानाने लवकर बिघडते. स्टँडवर मिळणाऱ्या दहा-वीस रुपयांच्या नकली सीड्या या दुसऱ्या जातीच्या. त्या घेणे बेकायदा आणि पैशाचीही माती.

जपणूक बियाण्यासारखीच करावी. डिस्क डबीत, उभी ठेवावी. ऊन, ओल आणि धूर यांपासून दूर ठेवावी. पावसाळ्यात कपाटात ओल धरते, बुरशी येते, म्हणून अधूनमधून बाहेर काढून बघावे. पुसताना मऊ सुती फडके मधून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. गोल ओरखडा सुईसमोर सलग येतो आणि चित्र अडकते. 'सुई' हा आपला शब्द. खरे म्हणजे तो प्रकाशाचा किरण असतो.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. डीव्हीडीवर विभागाचा आकडा असतो. आपला देश ५ क्रमांकात, अमेरिका १ क्रमांकात. तिकडच्या नातेवाइकाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. ० किंवा 'ऑल' लिहिले असेल तर चालते. आणि नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची जागा बऱ्याचदा नसते. एचडीएमआयची वायर लागणारा प्लेअर घ्यावा. जुना प्लेअर घेत असाल तर स्वतःची डिस्क नेऊन लावून बघा. नवीन मराठी मालिका आणि सिनेमे आता डिस्कवर क्वचितच निघतात, हेही ध्यानात ठेवावे.

गावाचे वाचनालय काय करू शकते

एका घराला न परवडणारे गावाला परवडते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने किंवा शाळेने रीतसर विकत घेतलेली डिस्क वाचकांना दिली, तर ते व्यापारी भाडे समजले जात नाही. म्हणजे पुस्तकाप्रमाणे नाटकाची, कीर्तनाची, मुलांच्या मालिकेची डिस्क सभासदांना घरी नेता येते. तरुण मंडळांनी एक सावधगिरी बाळगावी. घरी बघण्यासाठी विकलेली डिस्क गणपतीच्या मांडवात पडदा लावून सर्वांना दाखवता येत नाही. त्याला वेगळी परवानगी लागते.

गावातल्या पुष्कळ घरांत जुन्या सीड्यांची पेटी माळ्यावर पडून आहे. भंगारवाल्याला देण्याआधी ती उघडून बघा. आजोबांच्या आवडीचे भारूड त्यात असेल आणि ते कुठल्याच ॲपवर नसेल.

मग करावे काय?

१) घरात कोण काय बघते ते महिनाभर वहीत लिहा. जे एकदाच बघायचे ते ॲपवर बघा. जे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बघितले जाते, ते मिळाल्यास विकत घ्या.

२) वर्गणी बाराही महिने चालू ठेवू नका. पीक विकल्यावर, मुलांच्या सुटीत एक महिना घ्या, बघा, बंद करा. एका वेळी एकच ॲप.

३) ॲप मोबाईलमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून मंजुरी रद्द करा. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी २४ तास तुम्हाला सूचना यावी लागते. तो मेसेज न वाचता पुसू नका.

४) फुकटचे आधी वापरा. डीडी फ्री डिशला छत्री आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाचा खर्च आहे, महिन्याचे भाडे नाही. त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते. प्रसार भारतीने २०२४ साली गोव्यात 'वेव्हज' हे ॲपही सुरू केले आहे. त्यात दूरदर्शनचा जुना ठेवा बघायला मिळतो.

५) घरच्यांशी बोलून ठरवा. पोरांचा कौल ॲपला, म्हाताऱ्यांचा डिस्कला पडेल. वीज आहे पण रेंज नाही, अशा वाडीवस्तीवर म्हाताऱ्यांचे म्हणणे खरे ठरते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले, तेव्हा तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका नातवंडांनी आजीच्या मांडीवर बसून बघितली. ते शक्य झाले, कारण कुणीतरी तो माल राखून ठेवला होता. सरकारकडे राखण्याची सोय आहे. आपल्या घरातले काय राखायचे, ते आपण ठरवायचे. येत्या हंगामात खर्चाचे अंदाजपत्रक मांडाल, तेव्हा खते-बियाण्यांच्या खाली 'बघण्याचा खर्च' अशी एक ओळ ओढा आणि समोर दोन रकाने करा, भाड्याचे आणि मालकीचे. दुसरा रकाना अगदीच कोरा राहू देऊ नका.