खुणांच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

गतवर्षी या वार्षिकाची मुद्रिते तपासण्याचे काम आम्हां तिघांकडे आले, तेव्हा ‘खूण’ म्हणजे काय याची पहिली ओळख आम्हांस झाली. शब्दाखाली सरळ रेघ ओढली की तो तिरप्या अक्षरांत छापावयाचा, नागमोडी रेघ ओढली की ठळक छापावयाचा, असा संकेत आहे. ती रेघ स्वतः छापली जात नाही. मजकूर कसा मांडावा एवढेच ती सांगते. आमच्या हातून एक नागमोडी रेघ शब्द संपल्यावरही पुढे घसरली आणि पुढच्या मुद्रितात अर्धे वाक्य ठळक होऊन आले. मजकूर निर्दोष होता. चूक खुणेत होती.

त्याच वर्षी संगणकाच्या तासाला आणखी एक प्रसंग घडला. एका टिपणातून आम्ही पायथन या भाषेची एक साधी आज्ञा उतरवून घेतली. पायथनची कोणती आवृत्ती यंत्रावर आहे, हे विचारणारी ती आज्ञा. ‘व्हर्जन’ या शब्दाआधी लागोपाठ दोन संयोगचिन्हे, --, द्यावयाची असतात. यंत्राने उत्तर दिले की, या नावाची फाईल सापडत नाही. आम्ही फाईल मागितलीच नव्हती! तरी अर्धा तास आम्ही ती फाईल शोधीत होतो. शेवटी आमच्यातील एकाने टिपण डोळ्यांजवळ धरले, तेव्हा दिसले की दोन संयोगचिन्हांच्या जागी एकच लांब आडवी रेघ, म्हणजे अपसारणचिन्ह, छापलेले आहे. मनुष्याच्या डोळ्याला हा भेद क्षुल्लक वाटतो. पायथनला मात्र संयोगचिन्हाने आरंभ होणारा शब्द हा पर्याय वाटतो आणि तसा नसलेला शब्द फाईलचे नाव वाटते.

ही रेघ आली कोठून, याचा शोध घेताना आम्ही पायथनच्या मूळ संदर्भग्रंथापर्यंत जाऊन पोचलो. तो कसा तयार होतो, हे येथे थोडक्यात सांगतो.

खिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली पायथन भाषा प्रसिद्ध केली. तिचा संदर्भग्रंथ प्रारंभी लाटेक् नावाच्या मुद्रणपद्धतीत लिहिला जात असे. २००७ साली गेऑर्ग ब्रांड्ल यांनी तो रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या सोप्या खूणपद्धतीत आणला आणि त्या खुणा वाचून पाने बांधणारे स्फिंक्स नावाचे साधन रचले. २००८ साली निघालेल्या २.६ या आवृत्तीपासून ग्रंथ याच रीतीने बांधला जातो. म्हणजे प्रत्येक पानाची दोन रूपे झाली. एक लेखकाचे, ज्यात साधा मजकूर व मधूनमधून तारका, टिंबे, अवतरणे असतात. दुसरे वाचकाचे, ज्यात या खुणा नाहीशा होऊन त्यांच्या जागी ठळक अक्षरे, चौकटी व दुवे आलेले असतात.

खुणांच्या चुकांपैकी काही आरडाओरडा करतात. पायथनमध्ये शब्दाआधी तारका देण्याची रीत आहे. पण या खूणपद्धतीत तारका म्हणजे तिरप्या अक्षरांचा आरंभ. अशी तारका वाक्यात तशीच राहिली, तर आरंभ सापडला पण शेवट सापडत नाही, अशी तक्रार स्फिंक्स ओळीच्या क्रमांकासह नोंदवतो. अशा चुका फार दिवस टिकत नाहीत. यंत्र मुकाट्याने स्वीकारते त्या चुकांची आम्हांस अधिक भीती वाटते.

आमची लांब रेघ ही अशीच एक. सुबक छपाईसाठी स्फिंक्स साध्या मजकुरातील सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतो व दोन संयोगचिन्हे जोडून एक रेघ करतो. गद्यात हे शोभून दिसते. आज्ञेत मात्र ते घातक ठरते. म्हणून आज्ञा दोन्ही बाजूंनी दोन-दोन उलट्या टिकल्यांत, ``अशा``, ठेवावयाची असते. मग स्फिंक्स तिला हात लावीत नाही. लेखक त्या टिकल्या विसरला की तक्रार कोणीच करीत नाही, कारण नियमाप्रमाणे सर्व काही ठीकच असते. कित्येकदा लेखक टिकल्या देतो, पण एकेकच देतो. मार्कडाउन या दुसऱ्या खूणपद्धतीत एकच पुरते, आणि हाताला तीच सवय लागलेली असते. येथे तसे केल्यास शब्द यंत्राच्या सरळ अक्षरांत न येता नुसता तिरपा होतो.

सर्वांत वाईट चूक मात्र अपूर्णविरामाची. वाचकाला सावध करणारी चौकट हवी असेल तर ओळीच्या आरंभी दोन टिंबे, मग ‘वॉर्निंग’ हा शब्द व त्यापुढे दोन अपूर्णविराम, ::, द्यावयाचे असतात. यातील एक अपूर्णविराम गळला तर खूणपद्धती त्या परिच्छेदाला लेखकाने स्वतःसाठी लिहिलेली टीप समजते, आणि टीप वाचकाला दाखवावयाची नसते. संपूर्ण चौकट पानावरून नाहीशी होते. मागे रिकामी जागाही उरत नाही.

याचे गांभीर्य कळण्यासाठी एकच उदाहरण घेतो. पायथनमध्ये पिकल नावाचा एक भाग आहे. पिकल म्हणजे लोणचे! कार्यक्रमातील वस्तू मुरवून फाईलमध्ये साठवावयाच्या व हव्या तेव्हा पुन्हा बाहेर काढावयाच्या, हे त्याचे काम. पण परक्याने दिलेली बरणी उघडताना तीत दडवलेल्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालू शकतात. म्हणून त्या पानाच्या आरंभीच, विश्वास असलेली सामग्रीच उघडा, असा इशारा चौकटीत दिलेला आहे. कल्पना करा की एखाद्या दुरुस्तीच्या वेळी तेथला एक अपूर्णविराम पुसला गेला. पान पूर्वीसारखेच नीटनेटके दिसेल आणि ज्याने ते पूर्वी पाहिलेले नाही, त्याला काही हरवल्याची शंकाही येणार नाही.

अशा मूक चुका पकडण्यासाठी स्फिंक्स-लिंट नावाचे निराळे साधन केलेले आहे. एकेरी टिकली दिसली, किंवा टीप ही चौकट असावी असा संशय आला, तर ते सांगते. तुटलेल्या दुव्यांसाठी खुद्द स्फिंक्समध्ये ‘निटपिकी’ नावाची एक कडक तपासणी आहे. निट म्हणजे लीख. डोक्यातील लिखा एकेक करून वेचणाऱ्या आजीची या नावावरून आम्हांस हटकून आठवण होते. तथापि साध्या वाक्यातील दोन संयोगचिन्हे चूक की बरोबर, हे अर्थ कळल्याखेरीज ठरत नाही. ते वाचकालाच पाहावे लागते.

चूक सापडली तर दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. पानाच्या कडेला ‘शो सोर्स’ असा दुवा असतो. तेथे लेखकाचे रूप पाहावयास मिळते. २०१७ सालापासून पायथनचे सारे मूळ लेखन गिटहबवर ठेवलेले आहे. तेथून आपली प्रत घ्यावयाची, खूण सुधारावयाची, आपल्या यंत्रावर पान बांधून डोळ्यांनी पाहावयाचे आणि मग बदल परीक्षणासाठी पाठवावयाचा. प्रथमच पाठवणाऱ्याला एका करारपत्रावर संमती द्यावी लागते. पान बांधून पाहण्याचा आळस मात्र करू नये. एक खूण सुधारताना दुसरी बिघडणे फार सोपे आहे. तसेच, एक अपूर्णविराम घालताना साऱ्या परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवीत बसू नये. तसे केल्यास परीक्षकाला वीस ओळी बदललेल्या दिसतात आणि खरी दुरुस्ती त्यांत लपून जाते. बदल मान्य झाला की तो प्रथम मुख्य शाखेत जातो व जरूर तेथे चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांतही उतरवला जातो, कारण पुष्कळ वाचक जुनीच पाने वाचीत असतात.

मराठीत अशी टिपणे लिहू लागल्यावर एक अडचण आम्हांस विशेष जाणवली. शेवटच्या टिकल्यांनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आले पाहिजे, असा या पद्धतीचा नियम आहे. इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय चिकटवताना क्वचित अडते. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला पदोपदी चिकटतात. जपानी लिपीत शब्दांमध्ये जागाच सोडीत नाहीत, तेव्हा त्यांनाही हाच त्रास होतो. ‘``इंट``ला ``फ्लोट`` मिळवा’ असे लिहिले, तर ‘ला’ हे अक्षर लगत असल्यामुळे पहिली जोडी मिटलेली समजली जात नाही, आणि ‘इंट’पासून ‘फ्लोट’पर्यंत सर्व मजकूर यंत्राच्या अक्षरांत जातो. नागमोडी रेघ घसरली होती तसेच हे! टिकल्या व प्रत्यय यांच्यामध्ये उलटी तिरपी रेघ व एक मोकळी जागा ठेवली की काम होते. ती दोन्ही छापताना गळून जातात. पण प्रत्येक ‘ला’, ‘ने’, ‘चा’ यांच्यापूर्वी ही कसरत करताना हात थकतो. म्हणून आमच्या वर्गाच्या टिपणांत आम्ही तूर्त ‘``इंट`` या प्रकाराला’ असेच लिहितो. वाक्य थोडे लांबते, पण खूण जागेवर राहते.