गाणारी मुले : लायप्झिग आणि पंचवटी

गेल्या आषाढात आमच्या घरी एक चमत्कारिक प्रश्न येऊन पडला. आमचे एक आप्त नोकरीनिमित्त जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात राहतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचा गळा गोड निघाला आणि तेथील एका पुरातन बालगायकवृंदाने परीक्षा घेऊन त्यास पसंत केले. मात्र तेथे जावयाचे म्हणजे घर सोडून वसतिगृहात राहावयाचे. शाळा, जेवण, निजणे, गाणे, सर्व तेथेच. आईबापांनी घरातील वडील माणसांचा अभिप्राय विचारला. आमच्या आत्याबाईंनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली व एवढेच विचारले, "पोराला ताप आला तर रात्री उशाशी कोण बसते?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता येईना. तेव्हा आम्ही अशा वृंदांचा इतिहास चाळू लागलो, आणि चाळता चाळता लायप्झिगहून पुन्हा आमच्या पंचवटीतच येऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांसही रुचेल असे वाटते.

लायप्झिग शहरात सन १२१२ मध्ये सेंट टॉमसच्या नावाने एक मठ स्थापन झाला. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्मही तेव्हा व्हावयाचा होता. मठातील उपासनेत गावयास मुले हवीत, म्हणून शाळा निघाली. पुढे सोळाव्या शतकात धर्मक्रांती झाली, मठ गेला, शाळा नगराच्या ताब्यात आली. परंतु मुलांचे गाणे चालूच राहिले. २०१२ साली या वृंदाने आपला आठशेवा वर्धापन साजरा केला. गरिबांच्या मुलांस तेथे अन्न, निवारा व विद्या मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात ती देवळात, लग्नकार्यात, प्रेतयात्रेत आणि रस्तोरस्ती गात. आपल्याकडील वार लावून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच शाळेत १७२३ पासून १७५० मधील मृत्यूपर्यंत योहान सेबास्टिआन बाख हा जगद्विख्यात संगीतकार गायनगुरू होता. जग त्याला आज देवासमान मानते; त्याच्या मालकांचे मत तितके चांगले नव्हते. १७३० साली त्याने नगरसभेस एक लांबलचक निवेदन दिले व त्याच्या शेवटी ५४ मुलांची स्वच्छ वर्गवारी केली : १७ उपयोगाची, २० अद्याप तयार न झालेली आणि १७ निरुपयोगी. त्याच वर्षी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात तो कुरकुरतो की, लायप्झिगची हवा निरोगी असल्यामुळे माणसे कमी मरतात व अंत्यविधीच्या गायनाचे उत्पन्न बुडते. ही व्यथा समजू शकतील असे काही गृहस्थ आमच्या नाशकातही होऊन गेले असतील. त्यांची चौकशी आम्ही करीत नाही.

ही मुले गातात ते गाणे आपल्या गाण्यासारखे एकपदरी नसते. चार आवाज चार वेगवेगळ्या वाटांनी निघतात. वरचे दोन बालकांचे, खालचे दोन तरुणांचे. प्रत्येक आवाज एकटा ऐकला तर अपुरा वाटतो. चारही एकत्र आले म्हणजे ते गाणे होते. आवाज फुटला की मुलाची जागा बदलते, आणि काही काळ तर त्यास गप्पच बसावे लागते. बाखच्या काळी बालकंठ सोळा-सतरा वर्षांपर्यंत टिके. हल्ली तो तेरा-चौदाव्या वर्षीच जातो. म्हणजे इतक्या खटाटोपाने तयार केलेला गळा गुरूच्या हाती चारपाच वर्षेच राहावयाचा.

ड्रेस्डेन येथे असाच दुसरा पुरातन वृंद आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री त्या शहरावर बाँबवर्षाव झाला. देऊळ व शाळा जळून गेली आणि वृंदातील ११ मुले मृत्यू पावली. त्यांचे गुरू रुडॉल्फ माउअर्सबेर्गर यांनी त्याच वसंतात बायबलातील विलापाच्या वचनांवर एक शोकगीत रचले. ते ४ ऑगस्ट १९४५ रोजी जळक्या देवळाच्या उघड्या भिंतींत वाचलेल्या मुलांनी गायिले. आत्याबाईंस आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी जपमाळ खाली ठेवली.

परंतु दुसरी बाजूही सांगणे प्राप्त होते. रेगेन्सबुर्ग येथील वृंद तर याहूनही जुना. त्याच्या शाळांत १९४५ नंतरच्या काळात निदान ५४७ मुलांस मारहाण वा अत्याचार सोसावे लागले, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालात आहे. कित्येकांनी चाळीस-पन्नास वर्षे कोणास काही सांगितले नव्हते. सुरेल गाण्याआड मुलांचे रडणे लपू शकते, ही गोष्ट मूल परस्वाधीन करणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. "छडी लागे छम छम" हे आपण कौतुकाने म्हणत आलो, त्याचाही विचार व्हावयास हवा.

आता पंचवटी. समूहाने एका सुरात म्हणणारी मुले आम्हांस नवीन नाहीत. पाठशाळेत हात खालीवर करून स्वर दाखवणारी, संथा घेणारी मुले येथील घाटांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. परंतु गायनकलेसाठी मुलांस घरी ठेवून घेऊन, रीतसर अभ्यासक्रम लावून, त्यांचा मेळ उभा करण्याचे श्रेय पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांकडे जाते. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या या कीर्तनकाराच्या मुलाने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गवयाच्या घरी मूल पाठविणे हे तेव्हा सभ्य कुटुंबास कमीपणाचे वाटे. पंडितजींनी स्वरलेखन बसविले, क्रमिक पुस्तके छापली, प्रार्थना व शिस्त आणली, विद्यार्थ्यांस स्वतःजवळ ठेवून जेवू घातले. पुढे १९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले. तेथील इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र फिटेना, आणि अखेर इमारत लिलावात गेली. बाखला नगरसभेचा पगार तरी होता. पंडितजींस मैफलीची बिदागी आणि लोकांची देणगी, एवढाच आधार.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशकास आले व त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापला. दरबारी गवई म्हणून मिळू शकणारे वैभव सोडून हा पुरुष येथे रामनामात रमला. जाणत्या रसिकांपैकी काहींना ते आवडले नाही. विद्येची हानी झाली असे ते म्हणत. आमचे मत निराळे आहे. ज्या गाण्यात हजार माणसांस एकदम सामील होता येते ते बसविणे सोपे नसते. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना गात व गाववीत. 'आश्रम भजनावलि' त्यांनीच सिद्ध केली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गात चालले.

पंडितजी २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वारले. त्यांची बहुतेक अपत्ये बालपणीच गेली होती. मागे राहिलेले दत्तात्रय अवघे दहा वर्षांचे होते. त्या मुलास वडिलांच्या शिष्यांनी, विशेषतः विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी, शिकविले. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, ते जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायिले. पुढे अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ च्या विजयादशमीस, तेही गेले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका अजून घरोघर लागतात. गुरुकुलाने मुलावर केलेला खर्च गुरूच्या पोरक्या मुलाच्या रूपाने असा परत आला.

हे सर्व ऐकल्यावर आत्याबाईंनी निर्णय दिला. मुलास पाठवावे, परंतु दर आठवड्यास त्याने स्वतः फोनवर बोलावे, जवळ कोणी मोठे माणूस नसताना, आणि आवाज निराळा वाटला तर बापाने त्याच दिवशी गाडीत बसावे. तापाच्या रात्रीचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. वसतिगृहात परिचारिका असते, हे बापाकडून दोनदा वदवून घेतले.

आश्विनात तो सुट्टीवर नाशकास आला. देवघरासमोर उभे करून सर्वांनी त्यास गावयास सांगितले. त्याने हात मागे बांधले, मान वर केली आणि खालच्या पट्टीत एक सूर धरून तो बराच वेळ जवळजवळ तेथेच फिरत राहिला. चाल अशी काही लागेना. आत्याबाई म्हणाल्या, "बाळा, हे अर्धेच वाटते. उरलेले गाणे कोठे आहे?"

"ते माझे मित्र गातात," तो म्हणाला.