गिअरचा दांडा : पुढे की मागे?

गेल्या पावसाळ्यात अटल सेतूवरून चिर्ल्याच्या बाजूला उतरत होतो. गाडी जावयाची होती. समोर चाळीस फुटी कंटेनर घेतलेला ट्रेलर, त्याचे मागचे लाल दिवे लागलेले. उतारावर इंजिनाने गाडी धरावी म्हणून तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायला मी दांडा पुढे ढकलला. इंजिन गुरगुरायला हवे होते, ते उलट शांत झाले आणि गाडी मोकळी सुटली. चौथा पडला होता! ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावले. माझ्या स्वतःच्या गाडीत दांडा पुढे म्हणजे गिअर उतरतो, जावयाच्या गाडीत तो चढतो. एवढाच फरक. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

या यंत्राचे शिक्षण मी कुठल्या कॉलेजात घेतलेले नाही. जे कळले ते गॅरेजच्या ओट्यावर, जुन्या पुस्तकांतून आणि न्हावा शेव्याच्या ट्रेलरचालकांशी बोलून.

आधी शब्द समजून घेऊ. नेहमीच्या गिअरमध्ये प्रत्येक गिअरला स्वतःची जागा असते : पहिला पुढे, दुसरा मागे, तिसरा पुढे, चौथा मागे. म्हणजे निम्मे गिअर पुढे ढकलून चढतात, निम्मे मागे ओढून. तेथे ‘पुढे म्हणजे जास्त’ अशी सवय हाताला लागतच नाही. हात जागा पाठ करतो. क्रमिक गिअरमध्ये जागा नसते, फक्त दिशा असते. एकदा हलवले की एक पायरी वर, उलट हलवले की एक पायरी खाली.

ही रचना आपल्याला नवी नाही. मोटारसायकलचा गिअर क्रमिकच असतो आणि तिथेही एकवाक्यता नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी : पहिला वर, बाकीचे खाली. पल्सरचा डाव्या पायाशी : पहिला खाली, बाकीचे वर. स्प्लेंडरचे चारही खाली दाबूनच पडतात. आकुर्डीच्या चेतकचा गिअर तर डाव्या मुठीत होता : मूठ वर फिरवली की पहिला, मग न्यूट्रल आणि खाली फिरवत गेले की दुसरा, तिसरा, चौथा. रिक्षावाल्यांच्या कितीतरी पिढ्यांचा हात याच पिळावर घडला. गंमत अशी, की अटल सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. पण त्यांवर घडलेल्या सवयी चारचाकीत बसून सेतूवर येतातच.

२०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लचविना गिअर बदलणारी स्वस्त मोटार मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. अशा गाडीत दांड्याजवळ अधिक आणि उणे अशा दोन खुणा असतात. तो दांडा गिअरला जोडलेला नसतो. तो एक बटन आहे. बटनाचा निरोप संगणकाला जातो आणि गिअर यंत्र बदलते. म्हणून अधिकची खूण पुढे ठेवायची की मागे, हे धातू ठरवत नाही. ते कारखान्यातला माणूस ठरवतो.

बहुतेक कारखान्यांनी ‘अधिक’ पुढे ठेवले. त्यामागे तर्क आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचमध्ये दांडा पुढे सारला की वेग वाढतो, विमानातही तसेच. शिवाय जुन्या स्वयंचलित मोटारींत दांडा मागे ओढत गेले की खालचे गिअर येत. तीच सवय पुढे चालू राहिली.

बीएमडब्ल्यू आणि माझदा यांनी उलटे केले : मागे ओढले की अधिक, पुढे ढकलले की उणे. शर्यतीच्या आणि रॅलीच्या गाड्यांतही हीच पद्धत रुळलेली आहे, कारण शरीर खोटे बोलत नाही. गाडी जोरात वेग घेते तेव्हा अंग पाठीमागे रेलते, हातही मागे येतो. त्याच क्षणी वरचा गिअर हवा असतो. ब्रेक मारला की अंग पुढे झुकते, तेव्हा खालचा हवा असतो. हाताला शरीराच्या विरुद्ध ओढावे लागत नाही. घरगुती गाडीत हे धक्के सौम्य असतात हे खरे. पण ज्या क्षणी माणूस घाबरतो, तो क्षण ब्रेकचाच असतो.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चुकीचा खालचा गिअर मागितला आणि इंजिन झेपण्यापलीकडे फिरणार असेल, तर संगणक तो नाकारतो. मात्र उतारावर चुकून वरचा मागितला, तर तो बहुधा देऊन टाकतो. म्हणजे जी चूक इंजिनाला मारक, तिच्यावर पहारा आहे; जी चूक माणसाला मारक, तिच्यावर नाही.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर चुकून चाके मिटवत, कारण चाकांचा आणि फ्लॅपचा खटका सारखाच आणि शेजारी होता. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दोष वैमानिकाचा नसून रचनेचा आहे हे ओळखले आणि खटक्यांना वेगवेगळे आकार देण्याचा उपाय काढला. मोटारीतही एकमत होऊ शकते. २६ मे १९८९ रोजी आमचे बंदर सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये फेरारीने स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली आणि पहिलीच शर्यत जिंकली. आज रस्त्यावरच्या गाड्यांत ही पाती जवळपास सर्वत्र एकसारखीच : उजवे अधिक, डावे उणे. पात्यांबाबत जे जमले, ते दांड्याबाबत का जमू नये?

माझे मत विचाराल तर मागे अधिक, पुढे उणे. पण उलटा नियम झाला तरी चालेल. नियम एकच असावा. बंदरातल्या चहाच्या टपरीवर एका ट्रेलरचालकाला हे सारे सांगितले. तो म्हणाला, “काका, आम्ही दुसऱ्याची गाडी घेतली की आधी उभ्या गाडीत चारदा गिअर टाकून बघतो, मगच हलतो.” जावयाची गाडी घेताना आता मीही तसेच करतो.