अराता इझुमी: पासपोर्टमुळे लक्षात राहिलेला मिडफिल्डर

जपानमध्ये जन्मून भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला पहिला फुटबॉलपटू म्हणजे अराता इझुमी. त्याची कारकीर्द कधीच संपली, पण समाजमाध्यमांवर त्याचे नाव अजून चालते. भारतीय संघ एखादा सामना हरला, क्रमवारीत घसरला, की परदेशातील भारतीय वंशाच्या खेळाडूंना का घेत नाही, हा वाद पेटतो आणि दाखला म्हणून पहिले नाव इझुमीचे निघते.

इझुमीचा जन्म 31 जुलै 1982 रोजी होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरील शिमोनोसेकी या बंदराच्या शहरात झाला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. सिंगापूरमध्ये अल्बिरेक्स निगाता संघाकडून खेळून 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसी. त्याचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते पुण्यात. 2009-10 च्या मोसमात पुणे एफसी पहिल्यांदाच आय-लीग या राष्ट्रीय लीग स्पर्धेत उतरला आणि तिसरा आला; 2012-13 मध्ये तो उपविजेता ठरला. बालेवाडीच्या मैदानावर या संघाच्या मधल्या फळीत इझुमी पळत असे.

भारताकडून खेळण्यात अडचण कायद्याची होती. परदेशी पासपोर्ट असलेल्या खेळाडूने भारताचे प्रतिनिधित्व करू नये, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 2008 मध्ये ठरवले. परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ते नागरिकत्वाचा दाखला नव्हे. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही आणि जपानचा कायदाही त्याबाबत कडकच. इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडले आणि 2012 मध्ये तो भारतीय झाला. नीलकंठ खंभोळजा हे त्याचे भारतीय नाव. 6 फेब्रुवारी 2013 रोजी कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून प्रथम खेळला. तो सामना भारताने 2-4 असा गमावला. तेव्हा तो तिशीत पोहोचला होता, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कारकीर्द छोटीच राहिली.

बराच काळ इतरांना हे जमले नाही. इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या मायकल चोप्राने भारताकडून खेळण्याची इच्छा बोलून दाखवली होती. तो केरळ ब्लास्टर्सकडून खेळलाही, पण राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला नाही. युरोपातील पासपोर्ट सोडणे म्हणजे तिथला रोजगारच धोक्यात घालणे. 2025 मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्याची आई मुंबईची, आजोबा संतोष करंडक या राज्यांमधल्या फुटबॉल स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. या बातमीसोबत इझुमी पुन्हा चर्चेत आला, कारण विल्यम्सच्या आधी या वाटेने गेलेला इझुमीच.

मात्र या लोकप्रियतेत एक गल्लत आहे. संघाची दुखणी बरी करायला बाहेरून आणलेला पाहुणा, असे इझुमीचे चित्र वादात रंगवले जाते. प्रत्यक्षात पासपोर्ट बदलण्याआधी त्याने भारतीय क्लबांत कित्येक मोसम काढले होते. इथला उन्हाळा, इथली मैदाने आणि रखडणारे प्रवास त्याच्या अंगवळणी पडले होते. फुटबॉलच्या दृष्टीने तो आधीच इथला झाला होता, सरकारी शिक्का मागून बसला.

इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकाता, पुणे आणि केरळच्या संघांकडून खेळला. खेळ थांबवल्यावरही तो जपानला परतला नाही. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीत त्याने प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले. या अकादमीत देशभरातून निवडलेल्या मुलांना निवासी प्रशिक्षण मिळते.